पाणी, दोर आणि लाइफ जॅकेट : महामारीतील नौकाविहाराने दिलेला धडा

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यात कोरोना विषाणूच्या महामारीमुळे जगातील बहुतेक देशांचे दैनंदिन व्यवहार ठप्प झाले. शाळा, कार्यालये, नाट्यगृहे आणि क्रीडांगणे ओस पडली. चर्चची दारेही काही काळ भाविकांसाठी बंद राहिली. चार भिंतींच्या आत कोंडल्या गेलेल्या माणसाला मोकळ्या हवेची ओढ लागावी, हे स्वाभाविकच होते. अमेरिकेत ही ओढ असंख्य कुटुंबांना पाण्याकडे घेऊन गेली. तेथील नौका उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या माहितीनुसार २०२० या एका वर्षात ३,१०,००० हून अधिक नव्या यांत्रिक बोटी विकल्या गेल्या. आदल्या वर्षापेक्षा ही विक्री सुमारे १२ टक्क्यांनी अधिक होती. नव्या-जुन्या बोटी मिळून ४,००,००० हून अधिक लोकांनी त्या वर्षी आयुष्यात प्रथमच बोट खरेदी केली.

या आनंदाला एक दुःखद बाजूही होती. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदींनुसार २०१९ साली हौशी नौकाविहारातील अपघातांत ६१३ जणांचा मृत्यू झाला होता. २०२० साली ही संख्या ७६७ वर गेली. विषाणूपासून दूर राहण्यासाठी माणसे पाण्यावर गेली आणि त्यांतील काहींचा बळी पाण्यानेच घेतला. हे का घडले, याचा उलगडा व्हावा, यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही वॉटर स्कीइंग या खेळाची साधने, त्यासाठी लागणारी बोट आणि महामारीच्या काळातील निर्बंध यांची माहिती देत आहोत.

अमेरिकेतील सरोवरांवरचा खेळ आपल्या काय कामाचा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. परंतु सुट्टीत गोव्याला किंवा मालवण-तारकर्लीला गेल्यावर आपली मुले हौसेने ज्या ‘बनाना राइड’वर बसतात, तीही दोराने ओढल्या जाणाऱ्या जलक्रीडांचाच एक प्रकार होय. दोर, बोट, पंखा आणि पाणी सर्वत्र सारखेच. म्हणून या विषयाशी आपलाही निकटचा संबंध आहे.

खेळाचा जन्म

वॉटर स्कीइंगचा जन्म अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. तेथील लेक सिटी या गावाजवळ मिसिसिपी नदीचे पात्र रुंदावून पेपिन नावाचे सरोवर तयार झाले आहे. राल्फ सॅम्युएलसन या तरुणाच्या मनात एक विचार आला की, बर्फावरून घसरता येते, तर पाण्यावरून का घसरता येऊ नये? त्याने प्रथम लाकडी पिंपाच्या फळ्या पायांना बांधून पाहिल्या. त्या निरुपयोगी ठरल्या. नंतर बर्फावरच्या स्की वापरल्या. त्याही अरुंद असल्यामुळे बुडाल्या. अखेरीस त्याने पाइन लाकडाच्या सुमारे आठ फूट लांब व नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या आणल्या, त्यांची टोके उकळत्या पाण्यात नरम करून वर वाकवली आणि पाय अडकवण्यासाठी चामड्याचे पट्टे ठोकले. खिडकीच्या तावदानांना लागणारी दोरी हाच त्याचा दोर आणि लोखंडी कडे हीच त्याची मूठ होती.

त्याचा भाऊ बेन बोट चालवीत असे. अनेकदा पाण्यात पडल्यावर राल्फच्या लक्षात आले की, फळ्यांची टोके पाण्याच्या वर ठेवून अंग किंचित मागे कलते ठेवले, तर पाणीच आपणास उचलून धरते. २ जुलै १९२२ रोजी, म्हणजे आपल्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो प्रथमच पाण्यावर उभा राहिला. त्याने या शोधाचे एकस्व घेतले नाही. ते १९२५ साली फ्रेड वॉलर या दुसऱ्याच संशोधकाने आपल्या स्कींसाठी घेतले. सॅम्युएलसन हाच या खेळाचा जनक असल्याचे अधिकृतपणे मान्य होण्यास १९६६ साल उजाडावे लागले. पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये या खेळाचे प्रात्यक्षिकही झाले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा खेळ पहिल्या दिवसापासून एकट्याचा नव्हता. पाण्यावर उभा राहणारा राल्फ होता. परंतु त्याला ओढणारा आणि पडल्यावर परत फिरून उचलणारा बेन होता.

साधनांची ओळख

नवशिक्याला सहसा दोन स्कींची जोडी दिली जाते. त्या रुंद असल्यामुळे कमी वेगातही पाण्यावर तरंगतात. त्यांच्या तळाशी मागच्या बाजूस माशाच्या परासारखी एक छोटी पट्टी असते. तिच्यामुळे दिशा स्थिर राहते. सराव झालेले खेळाडू दोन्ही पाय एकाच स्कीवर पुढेमागे ठेवून वळणे घेतात. त्या प्रकाराला स्लॅलम म्हणतात. कसरती करण्यासाठी आखूड व तळाशी पट्टी नसलेली स्की असते. वेकबोर्ड ही आडवे उभे राहावयाची रुंद फळी होय. पाय ज्यात अडकवले जातात ते रबरी बूट घट्ट असावेत, परंतु पडताच पाय सुटून यावा इतकेच घट्ट असावेत. अन्यथा घोटा किंवा गुडघा दुखावतो.

दोर हा या खेळाचा प्राण होय. त्याची प्रचलित लांबी मुठीसह सुमारे ७५ फूट, म्हणजे २३ मीटर असते. तो पाण्यावर तरंगणारा असावा लागतो. बुडणारा दोर बोटीच्या पंख्यात गुंतू शकतो. स्लॅलमच्या स्पर्धेत खेळाडूला सहा तरंगत्या खुणांना वळसा घालावा लागतो आणि प्रत्येक यशस्वी फेरीनंतर दोर आखूड केला जातो. या खुणा मार्गाच्या मध्यरेषेपासून ११.५ मीटरांवर असतात. दोर मात्र ११.२५ मीटरांपर्यंत आणि त्याहूनही खाली आणला जातो. दोर खुणेपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा खेळाडूला आपले अंग ताणून ते अंतर भरून काढावे लागते.

हवा भरलेली ट्यूब ओढण्यासाठी मात्र स्कीचा दोर वापरू नये. ट्यूब पाण्याला चिकटून चालते, त्यामुळे दोरावरचा ताण पुष्कळ वाढतो. अमेरिकेतील या व्यवसायाच्या निकषांनुसार एका व्यक्तीच्या ट्यूबचा दोर किमान सुमारे ६८० किलोग्रॅम ताण सोसणारा असावा; चार व्यक्तींसाठी ही मर्यादा सुमारे १,८६० किलोग्रॅमवर जाते. ताणलेला दोर तुटला, तर तो चाबकासारखा मागे फिरतो आणि बोटीतील माणसांना गंभीर इजा करू शकतो. झिजलेला, उन्हाने कडक झालेला किंवा गाठी मारून जोडलेला दोर म्हणूनच त्याज्य समजावा.

या सर्वांहून महत्त्वाचे साधन म्हणजे लाइफ जॅकेट. वॉटर स्कीइंगसाठी फोम भरलेले जॅकेटच योग्य असते. पाण्यात पडल्यावर फुगणारी जॅकेटे या खेळासाठी मान्य नाहीत, कारण वेगाने आदळताना त्यांचा भरवसा धरता येत नाही. थंडीपासून संरक्षण देणारा रबरी पोशाख म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. जॅकेट अंगाला नीट बसते की नाही, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. सर्व पट्टे आवळल्यावर दोन्ही हात वर करावेत आणि कोणालातरी जॅकेट खांद्यांपाशी धरून वर खेचावयास सांगावे. ते हनुवटीपर्यंत किंवा कानांपर्यंत सरकले, तर ते सैल आहे. पाण्यात पडल्यावर असे जॅकेट अंगातून निघून जाईल. मोठ्या माणसाचे जॅकेट मुलाला घालणे, ही याच कारणास्तव घोडचूक ठरते.

बोट आणि तिच्यावरील माणसे

स्कीइंगसाठी खास बांधलेल्या बोटीत इंजिन मध्यभागी असते आणि पंखा बोटीच्या तळाखाली, मागच्या कडेच्या बराच आत असतो. त्यामुळे वजन समतोल राहते आणि बोटीमागे उठणारी लाट सपाट व मऊ होते. दोर बांधण्याचा खांबही मध्यावर असतो; खेळाडूने बाजूला जोर लावला, तरी बोटीची दिशा सहसा बिघडत नाही. वेकबोर्डच्या बोटीत याउलट इंजिन मागे सरकवलेले असते आणि टाक्यांत पाणी भरून मुद्दाम मोठी लाट निर्माण केली जाते. बाहेर इंजिन लावलेल्या साध्या बोटीनेही स्की ओढता येते, मात्र तिचा पंखा उघडा आणि मागे असतो. चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाला त्याचा मोठा धोका आहे.

बोट कोणतीही असो, या खेळाला तीन माणसे लागतात. पहिला खेळाडू, दुसरा चालक आणि तिसरा निरीक्षक. आपल्या कोळी बांधवांच्या होडीवर जसा तांडेल समोरच्या पाण्यावर नजर ठेवतो आणि खलाशी जाळ्याकडे पाहतो, तशीच ही विभागणी होय. चालकाने पुढेच पाहावयाचे. मागे वळून पाहण्याचा मोह त्याने टाळावयाचा. खेळाडूवर नजर ठेवणे आणि त्याच्या खुणा चालकाला सांगणे, हे निरीक्षकाचे काम. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा. अंगठा खाली म्हणजे वेग कमी करा. डोक्यावर हात थोपटला म्हणजे धक्क्याकडे चला. पडल्यानंतर दोन्ही हात डोक्यावर जोडून दाखवले, तर ‘मी सुखरूप आहे’ असा त्याचा अर्थ. ही खूण दिसली नाही, तर तत्काळ परतावे. मिशिगन राज्यात असा निरीक्षक बोटीत असणे कायद्याने सक्तीचे आहे. काही राज्ये त्याऐवजी रुंद आरसा चालवून घेतात.

पडलेल्या खेळाडूकडे जाताना तो नेहमी चालकाच्या बाजूस राहील अशा रीतीने बोट न्यावी आणि तो चढण्यापूर्वी इंजिन पूर्ण बंद करावे. केवळ गिअर काढणे पुरेसे नाही. इंजिन सुरू असताना बोटीच्या मागच्या फळीवर कोणासही बसू देऊ नये. तेथे कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू साचतो आणि माणूस नकळत बेशुद्ध होऊन पाण्यात पडू शकतो. बंदिस्त कप्प्यात पेट्रोल इंजिन असलेल्या बोटीत ते सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे पंख्याने आतील वाफ बाहेर काढावी लागते, नाहीतर स्फोटाची भीती असते. बोट पाण्यात उतरवण्यापूर्वी तळाचे बूच लावले आहे ना, हे पाहणे तर इतके साधे की, नवा मालक नेमके तेच विसरतो.

निर्बंधांचे दिवस

अकरा हजारांच्या आसपास अंतर्गत सरोवरे असलेले मिशिगन हे राज्य नौकाविहारात अग्रगण्य मानले जाते. ९ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी काढलेल्या आदेशानुसार यांत्रिक बोटी चालवण्यास मनाई करण्यात आली. वल्ह्यांच्या होड्या, कयाक व शिडाच्या बोटी यांना मात्र परवानगी होती. अनेकांना हा भेद अन्यायकारक वाटला. मोटार बसवलेल्या होडीत एकटा बसून मासे पकडणारा माणूस कोणाला रोग देणार, असा त्यांचा सवाल होता. बोट उतरवण्याचे धक्के, इंधनाचे पंप आणि वाटेवरच्या दुकानांत होणारी गर्दी टाळणे, ही प्रशासनाची भूमिका होती. प्रकरण न्यायालयातही गेले. २४ एप्रिलच्या नव्या आदेशाने ही मनाई उठली आणि परस्परांत सहा फुटांचे अंतर राखण्याच्या अटीवर यांत्रिक बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या.

सहा फुटांचा हा नियम स्कीइंगला लावून पाहिला, तर एक मौजेची गोष्ट दिसते. दोराच्या टोकाला असलेला खेळाडू इतरांपासून सत्तर फुटांवर, म्हणजे पूर्णतः सुरक्षित. परंतु वीसएक फूट लांबीच्या बोटीत शेजारी बसलेले चालक व निरीक्षक यांच्यात सहा फूट अंतर राहणे कठीण. यावर तज्ज्ञांनी सुचवलेला उपाय सोपा होता. एका बोटीत एकाच घरातील माणसे असावीत. आई किंवा वडील चालक, थोरले भावंड निरीक्षक, धाकटे दोराच्या टोकाला, अशी रचना त्या उन्हाळ्यात पुष्कळ कुटुंबांना सोयीची होती. सरोवराच्या पाण्यातून विषाणू पसरल्याचा पुरावा आढळला नव्हता. सामायिक मूठ व जॅकेटे साबणाच्या पाण्याने धुऊन नीट वाळवावीत, एवढी दक्षता पुरेशी होती; वस्तूंच्या पृष्ठभागावरून होणारा संसर्ग अत्यल्प असतो, हे पुढे स्पष्टही झाले.

खरा धोका अनेक बोटी एकत्र येण्यात होता. त्याच वर्षी ४ जुलैच्या सुट्टीला मिशिगनमधील टॉर्च सरोवराच्या उथळ वाळूपट्टीवर शेकडो लोक बोटी घेऊन जमले. थोड्याच दिवसांत तेथे हजर असलेल्यांपैकी काही जण बाधित आढळल्याचे स्थानिक आरोग्य विभागाने जाहीर केले आणि उपस्थितांना काळजी घेण्याचे आवाहन केले.

विसरलेला जुना धोका

विषाणूविषयी एवढी चर्चा झाली. परंतु पाण्याच्या जुन्या धोक्याविषयी तितके बोलले गेले नाही. एप्रिल-मे महिन्यांत उत्तरेकडील सरोवरांचे पाणी अतिशय थंड असते. हवा उबदार असली, तरी अशा पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटात अनावरपणे धापा टाकू लागतो. तोंडात पाणी गेले, तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. सुमारे दहा मिनिटांत हातपाय काम करीनासे होतात. शरीराचे तापमान घसरून शुद्ध हरपण्यास मात्र सुमारे एक तास लागतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी ‘एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास’ या सूत्राने ही गोष्ट लोकांना समजावली आहे. याचा अर्थ असा की, बहुतेक माणसे थंडीने मरण्यापूर्वीच बुडून मरतात आणि तो पहिला कठीण काळ लाइफ जॅकेट निभावून नेते.

तटरक्षक दलाच्या २०२० च्या अहवालातील तपशील या दृष्टीने बोलके आहेत. अपघातांची संख्या आदल्या वर्षापेक्षा २६ टक्क्यांनी वाढून ५,२६५ झाली. मृत्यूचे कारण ज्ञात असलेल्यांपैकी ७५ टक्के लोक बुडून मेले. बुडालेल्यांपैकी ज्यांची माहिती मिळाली, त्यांतील ८६ टक्के लोकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. ज्या बोटींच्या चालकांविषयी माहिती उपलब्ध होती, त्यांतील ७७ टक्के मृत्यू प्रशिक्षण न घेतलेल्या चालकांच्या बोटींवर झाले. २०१९ साली हे प्रमाण ७० टक्के होते. प्राणघातक अपघातांच्या ज्ञात कारणांत मद्यपानाचा क्रमांक पहिला होता.

हे आकडे वाचताना थोडा विवेक बाळगावा लागेल. त्या वर्षी पाण्यावर गेलेल्या बोटी व त्यांनी घालवलेले तास दोन्ही वाढले होते; त्यामुळे अपघात काही प्रमाणात वाढणे क्रमप्राप्त होते. तथापि केवळ गर्दी हे संपूर्ण स्पष्टीकरण होऊ शकत नाही. बोट पैसे देऊन एका दिवसात मिळते; ती चालवण्याची जाण एका दिवसात येत नाही. ऐन त्या काळात वर्गांत भरणारे प्रशिक्षण अनेक ठिकाणी स्थगित होते आणि अनुभवी शेजाऱ्याला बोटीत बोलावून चार गोष्टी शिकून घ्याव्यात, तर अंतराचे नियम आड येत होते.

पुढील वर्षांत परिस्थिती सुधारली. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान यांत्रिक बोटींच्या चालकाने इंजिन आपोआप बंद करणारी कळ वापरणे अमेरिकेत सक्तीचे झाले. चालक पाण्यात फेकला गेला, तर तिची दोरी खेचली जाऊन इंजिन थांबते आणि मोकाट बोट पडलेल्या माणसावर फिरून येत नाही. २०२१ साली मृतांची संख्या ६५८ वर आणि २०२४ साली ५५६ वर आली.

आपल्या किनाऱ्यावर

महाराष्ट्रातही २०२० च्या मार्चमध्ये जलक्रीडा बंद झाल्या आणि त्यांवर पोट असलेल्या किनाऱ्यावरील कुटुंबांनी मोठी झळ सोसली. निर्बंध टप्प्याटप्प्याने उठल्यावर पर्यटकांची पुन्हा गर्दी झाली. पाण्याविषयीचा आपला निष्काळजीपणा मात्र महामारीपूर्वीचा आहे आणि तो आजही पुरता गेलेला नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर तेथील बोटींवर प्रत्येक प्रवाशाने लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती करण्यात आली. एवढी साधी गोष्ट रूढ होण्यासाठी इतकी मोठी किंमत मोजावी लागावी, हे क्लेशदायक आहे.

म्हणून आम्ही वाचकांना आग्रहाने सुचवू इच्छितो की, आपण किंवा आपली मुले दोराने ओढल्या जाणाऱ्या कोणत्याही खेळात भाग घेण्यापूर्वी पाच गोष्टी स्वतः पाहाव्यात. जॅकेट आपल्या मापाचे असून त्याचे सर्व पट्टे शाबूत आहेत काय? दोर झिजलेला किंवा गाठी मारलेला नाही ना? चालकाखेरीज मागे पाहणारा दुसरा माणूस बोटीत आहे काय? पाण्यातून पुन्हा वर घेताना इंजिन बंद केले जाते काय? आणि चालकाने किंवा आपल्यापैकी कोणी मद्यपान केलेले नाही ना? यांपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर भरलेल्या पैशांचा विचार न करता किनाऱ्यावरच थांबावे. ‘मला पोहता येते’, हे जॅकेट नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्या माणसाला पोहण्याच्या कलेचा काहीच उपयोग होत नाही.

महामारीच्या काळात आपण मुखपट्टी लावणे, हात धुणे आणि अंतर राखणे या गोष्टी काही महिन्यांतच अंगवळणी पाडून घेतल्या. नव्या संकटाची धास्ती माणसाला शिस्त लावते, हे त्यावरून दिसून आले. जुन्या, परिचित संकटाबाबतही तीच शिस्त आपण पाळू शकतो. होडीत पाय ठेवताच लाइफ जॅकेटचे पट्टे आवळण्याची सवय घरातील मोठ्यांनी स्वतःला लावून घेतली, तर मुलांना ती वेगळी शिकवावी लागणार नाही.